‘कोणामुळे?’ हा रकाना : एका कृतज्ञता वहीचे परीक्षण

कृतज्ञता नोंदवण्यासाठी मुद्दाम छापलेल्या वह्या स्वतःसाठी विकत घेतल्या जातात त्यापेक्षा दुसऱ्याला भेट म्हणून अधिक दिल्या जातात, असा माझा अंदाज आहे. माझ्याकडेही ही वही तशीच आली. आईला पक्षाघाताचा झटका येऊन तेव्हा तीन आठवडे झाले होते, तिची उजवी बाजू लुळी पडली होती, बोलणे जवळपास थांबले होते, आणि मी दिवसा नोकरी व रात्री रुग्णालय अशा दोन पाळ्यांत जगत होते. त्या दिवसांत एका मैत्रिणीने ही वही हातात ठेवली तेव्हा मला प्रथम राग आला. जिच्या घरात एवढे मोठे दुखणे शिरले आहे तिने रोज पाच चांगल्या गोष्टी मोजाव्यात, ही अपेक्षाच मला निर्दय वाटली होती. पुढे सहा महिने मी ही वही वापरली आणि आता तिची थोडीच पाने कोरी उरली आहेत, त्यामुळे तिच्याविषयी दोन शब्द अधिकाराने लिहिता येतील असे वाटते. वहीचे आणि ती काढणाऱ्यांचे नाव मी देत नाही, कारण नंतर चाळून पाहिलेल्या अशा इतर वह्यांचा साचाही थोड्याफार फरकाने हाच होता आणि माझे म्हणणे त्या साच्याविषयी आहे.

आधी वस्तूविषयी. पुठ्ठ्याची बांधणी मजबूत असून पाने दोऱ्याने शिवलेली आहेत, त्यामुळे वही उघडली की सपाट राहते आणि एका हाताने धरून मांडीवरही लिहिता येते. रुग्णाच्या खाटेशेजारच्या स्टुलावर बसून लिहिणाऱ्याला या गुणाचे मोल कळते. कागद मात्र पातळ आहे. शाईच्या पेनाने लिहिलेले मागच्या बाजूला उमटते, म्हणून पहिल्या आठवड्यानंतर मी पेन्सिलीवर आले, आणि पेन्सिलीला हा कागद उत्तम आहे. तारखा छापलेल्या नाहीत, ही चांगली सोय आहे, कारण खाडा झाला तरी कोरी पाने मागे राहून आपल्याला हिणवत नाहीत.

प्रत्येक पानावर वरच्या बाजूला मनःस्थिती दाखवणारे पाच चेहरे आहेत, त्यांपैकी एकावर खूण करायची. त्याखाली ‘आज मी या गोष्टींसाठी कृतज्ञ आहे’ असे शीर्षक आणि पाच ओळी. उजव्या कडेला एक अरुंद रकाना, त्याचे शीर्षक ‘कोणामुळे?’ तळाला एक सुविचार. दर सात पानांनंतर एक जवळजवळ कोरे पान येते, आणि वहीच्या शेवटी पत्रासाठी फाडून घेता येतील असे तीन कागद आहेत. या सगळ्यांत सर्वांत कमी जागा ज्याला दिली आहे तो ‘कोणामुळे?’ हा रकानाच या वहीचा खरा ऐवज आहे, असे माझे मत झाले.

पहिल्या दहाबारा दिवसांच्या नोंदी आज वाचताना त्यांतला खोटेपणा लपत नाही. पाच ओळी भरायच्या म्हणून मी सूर्योदय, वारा, श्वास, डोक्यावरचे छप्पर असे काहीबाही लिहिले आहे, आणि तिसऱ्या दिवसापासून त्याच पाच गोष्टी क्रम बदलून परत येऊ लागल्या आहेत. परीक्षेत आठवत नसलेल्या प्रश्नाचे उत्तर लांबवावे तसा तो प्रकार होता. उजव्या रकान्यात तर मी काहीच लिहीत नव्हते, कारण सूर्योदय कोणामुळे झाला याचे उत्तर त्या मनःस्थितीत माझ्याजवळ नव्हते. मग एका रात्री, दिवसभराच्या धावपळीनंतर, फक्त एकच ओळ लिहिली : ‘आज आईने एक ते दहा आकडे म्हटले.’ वाचाघात झालेल्या, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे बोलणे हरवलेल्या माणसाला स्वतःचे नाव सांगता येत नसले तरी आकडे, वार किंवा पाठ असलेले गाणे यांसारखे सवयीने ओठांवर बसलेले शब्द पुष्कळदा शाबूत असतात, आणि पुढच्या उपचाराची सुरुवात तिथून करता येते, हे मला स्पीच थेरपिस्टने त्याच दिवशी समजावून सांगितले होते. उजव्या रकान्यात मी त्या थेरपिस्टचा उल्लेख केला, त्याखाली आईचे नाव लिहिले, आणि लिहिता लिहिता लक्षात आले की आदल्या दिवशीच्या पाच ओळींपेक्षा या एका ओळीने मला अधिक आधार दिला आहे.

मराठीतला ‘कृतज्ञ’ हा शब्दच या बाबतीत फार नेमका आहे. कृत म्हणजे केलेले, आणि ते जाणणारा तो कृतज्ञ. जो ते केलेले मनातून पुसून टाकतो तो कृतघ्न. म्हणजे या शब्दात करणारा कोणीतरी गृहीत धरलेला आहे, आणि आपल्याकडून अपेक्षा आहे ती आनंदी होण्याची नसून जाणण्याची आहे. ज्याच्या घरात दुःख आहे त्याला आनंदी हो म्हणणे हा जुलूम आहे, पण आज आपल्यासाठी कोणी काय केले हे जाणून घे, असे त्याला सांगता येते. दुःखी माणूसही जाणू शकतो. किंबहुना संकटाच्या काळात आपल्यासाठी करणाऱ्यांची संख्या एरवीपेक्षा वाढलेली असते आणि आपले लक्ष मात्र दुखण्यातच अडकलेले असल्याने ती नोंदली जात नाही. वहीच्या शीर्षकात ‘कृतज्ञ’ असले तरी तिच्या पाच ओळी खुशीची यादी मागतात. उजवा रकाना जाणीव मागतो, आणि तो तर्जनीएवढ्या रुंदीचा आहे.

तो रकाना प्रामाणिकपणे भरायचे ठरवल्यावर नोंदींचे स्वरूपच बदलले. रात्रपाळीच्या परिचारिकेने आईची कूस बदलताना मला न उठवता दुसरीला हाक मारली. कार्यालयातल्या एका सहकाऱ्याने माझा महिनाअखेरचा अहवाल न सांगता पूर्ण केला आणि त्याखाली माझेच नाव राहू दिले. फिजिओथेरपिस्टने आईचा अंगठा हलल्याचे माझ्याआधी पाहिले, पण मला स्वतःला दिसेपर्यंत ती गप्प राहिली. या गोष्टी घडत होत्याच. वही नसती तरी त्या घडल्या असत्या. पण त्या माझ्या हिशेबात जमा झाल्या नसत्या, कारण वाईट गोष्टीचा ठसा मनावर चांगल्या गोष्टीपेक्षा खोल उमटतो, हे मानसशास्त्राने वारंवार दाखवून दिलेले आहे. माझ्याही बाबतीत एका नातेवाइकाचे टोचणारे वाक्य महिनाभर लक्षात राहिले होते आणि परिचारिकेने वाचवलेली माझी झोप मात्र दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत विसरली जात होती.

एक अडचण मात्र या रकान्यानेच निर्माण केली, आणि तिच्याबद्दल वहीत अवाक्षर नाही. नावे साठू लागली तसे मला ओझे वाटू लागले. ‘आभार’ या शब्दात ‘भार’ आहे, तो उगाच नाही. एवढ्या माणसांचे केव्हा आणि कसे फेडणार, या विचाराने एक दोन रात्री मी वही उघडलीच नाही. ऋण आणि कृतज्ञता या शेजारच्या भावना असल्या तरी एक नव्हेत; ऋण फेडून मोकळे व्हावेसे वाटते, कृतज्ञतेत मोकळे होण्याची घाई नसते. हे मला उशिरा कळले, आणि ज्याला मदत घेण्याची सवय नाही अशा माणसाच्या हाती ही वही पडली तर सुरुवातीच्या पानांत यावर चार ओळी असाव्यात, असे वाटते.

सुरुवातीच्या पानांत प्रत्यक्षात आहे ते ‘विज्ञानाने सिद्ध’ असे मोठ्या अक्षरांतले आश्वासन. त्यामागचे संशोधन खरे आहे, पण ते या आश्वासनाइतके सरळ नाही. २००३ मध्ये रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो या मानसशास्त्रज्ञांनी काही जणांना कृतज्ञता वाटणाऱ्या गोष्टी, काहींना त्रासाच्या गोष्टी, तर काहींना साध्या घडामोडी लिहायला सांगून त्यांची तुलना केली. त्यांच्या एका प्रयोगात मज्जातंतू व स्नायूंच्या आजाराचे रुग्णही होते, आणि कृतज्ञतेच्या नोंदी ठेवणाऱ्यांत समाधान वाढलेले दिसले. २००५ मध्ये मार्टिन सेलिग्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी आणि त्या का घडल्या हे आठवडाभर लिहिण्याचा प्रयोग केला, आणि त्याचा परिणाम सहा महिन्यांनंतरही दिसला. त्या प्रयोगात ‘का घडल्या’ हा भाग होता, हे इथे महत्त्वाचे आहे. आपला उजवा रकाना त्याचाच भाऊबंद आहे. पण त्याच वर्षी सोन्या ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या एका प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला आणि तीनदा लिहिणाऱ्यांना तो झाला नाही, हे वहीने सांगितलेले नाही. सांगणार तरी कसे, कारण मग रोजच्या पानांची गरज उरत नाही. पुढे २०२१ मध्ये २७ अभ्यास एकत्र करून घेतलेल्या आढाव्यात असे दिसले की नैराश्य आणि चिंतेची लक्षणे कमी करण्यावर अशा उपक्रमांचा परिणाम होतो, पण तो लहान आहे. ‘लहान’ हा शब्द मला खोडून काढावासा वाटत नाही. माझाही अनुभव लहान आधाराचाच आहे, आणि त्या सहा महिन्यांत लहान आधारही मी नाकारला नसता.

‘२१ दिवसांत सवय लावा’ असे एक आव्हानाचे पानही पुढे चिकटवलेले आहे. २१ दिवसांचा हा आकडा लोकप्रिय असला तरी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी केलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले होते, आणि माणसामाणसांतले अंतर १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होते. माझा एकविसाव्या दिवशीच खाडा झाला. त्या दिवशी आईला ताप होता.

सुविचारांबद्दल मी फार लिहिणार नाही, कारण ते पानाच्या तळाला आहेत आणि दुर्लक्ष करता येते. ‘प्रत्येक संकट ही संधी असते’ या धाटणीची वाक्ये निरोगी माणसाने निरोगी माणसासाठी लिहिलेली असतात. पण एका पानावर ‘तुमच्याहून वाईट परिस्थितीत असलेल्या एका व्यक्तीचे स्मरण करा आणि कृतज्ञ व्हा’ अशी सूचना आहे, तिला मात्र माझा ठाम आक्षेप आहे. जिवावरचे शेपटावर निभावले, असे आपणही म्हणतो, आणि ते स्वतःच्याच टळलेल्या संकटाविषयी असेपर्यंत त्यात काही वावगे नाही. दुसऱ्याच्या वाईटाची पायरी करून आपण वर चढायचे, ही गोष्ट वेगळी आहे. आईच्या शेजारच्या खाटेवरच्या बाईंची वाचा अजिबात परतली नव्हती. त्यांच्याकडे पाहून मी समाधान मानावे, असे वही मला सुचवत होती, आणि त्यांची मुलगी कदाचित त्याच वेळी आणखी कोणाकडे पाहून समाधान शोधत असेल. ते पान मी फाडले. शिवणीची बांधणी असल्यामुळे त्याच्या जोडीचे पानही सैल होऊन पुढे निघून आले, ही त्या बांधणीची एक गैरसोय म्हणून नोंदवते.

मनःस्थितीच्या चेहऱ्यांचा दोष मात्र नुसत्या अभिरुचीचा नाही, तो गंभीर आहे. दुसऱ्या महिन्यात मी सलग सोळा पानांवर सर्वांत उदास चेहऱ्यावर खूण केली आहे. सलग दोन आठवडे मन खिन्न राहणे, कशातही रस न वाटणे, झोप आणि भूक बिघडणे ही नैराश्याच्या आजाराची लक्षणे असू शकतात, आणि दोन आठवडे ही मर्यादा डॉक्टरही निदान करताना धरतात. मला ते माझ्या सहकाऱ्याने सांगितले, वहीने नाही. मनःस्थितीचा रोजचा आलेख मागणाऱ्या वहीने तो आलेख इतका खाली गेल्यास डॉक्टरांना भेटा, एवढे एक वाक्य तरी छापायला हवे होते. त्याऐवजी सतराव्या पानाच्या तळाशी हसण्याचे फायदे सांगितले आहेत. मी समुपदेशकाकडे गेले, आणि त्या आठवड्यात उजव्या रकान्यात सहकाऱ्याचा उल्लेख तीनदा आला आहे.

आता वहीतल्या ज्या भागाचे मला मनापासून कौतुक आहे त्याकडे येते. दर सात पानांनंतरच्या कोऱ्या पानावर बारीक अक्षरांत एकच प्रश्न असतो : ‘या आठवड्यातली कोणती गोष्ट घडली नसती तर?’ साधा वाटणारा हा प्रश्न फार विचारपूर्वक निवडलेला आहे. २००८ मध्ये मिंक्युंग कू आणि सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगात, आपली आणि जोडीदाराची भेट कशी झाली हे लिहिणाऱ्यांपेक्षा ती कदाचित झालीच नसती असे कल्पून लिहिणारे आपल्या नात्यावर अधिक समाधानी आढळले होते. आपल्याजवळ असलेल्या गोष्टीची सवय झाली की ती दिसेनाशी होते. तिला मनातल्या मनात क्षणभर वजा केले की ती पुन्हा दिसू लागते. माझ्या पहिल्या साप्ताहिक पानावर मी लिहिले आहे की आईला झटका आला तेव्हा शेजारचा मुलगा घरी नसता तर तिला उचलून खाली आणायला अर्धा तास तरी अधिक लागला असता. पक्षाघातात मेंदूचा रक्तपुरवठा तुटल्यापासूनचे प्रत्येक मिनिट मोलाचे असते, आणि गुठळी विरघळवणारे औषध सर्वसाधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. आम्ही त्या मुदतीत पोहोचलो होतो. हे सगळे मला माहीत होते, पण त्या मुलाचे आणि त्या मुदतीचे नाते मी त्या पानावर लिहीपर्यंत कधी जोडले नव्हते, आणि मग लक्षात आले की आम्ही त्याच्याशी त्या दिवसानंतर नीट बोललोही नाही.

त्यामुळे शेवटच्या तीन पत्र-कागदांपैकी पहिला मी त्याच्यासाठी फाडला. हे पत्र लिहायला मला दोन आठवडे संकोच वाटत होता; एवढ्या तेवढ्यासाठी पत्र काय द्यायचे, त्याला अवघडल्यासारखे होईल, भाषा नाटकी वाटेल, अशा शंका होत्या. अमित कुमार आणि निकोलस एपली यांनी २०१८ मध्ये नेमके हेच तपासले होते : आभाराचे पत्र लिहिणारे समोरच्याला वाटणाऱ्या संकोचाचा अंदाज फार जास्त करतात आणि त्याला होणाऱ्या आनंदाचा अंदाज फार कमी करतात. मुलाने पत्र वाचून एवढेच विचारले की आता आजी जिना उतरतात का. दुसरे पत्र त्या सहकाऱ्याला दिले. तिसरे मी रुग्णालयातल्या एका व्यक्तीला लिहिले, पण पाठवले नाही, कारण त्यात आभारांबरोबर तक्रारही आहे आणि ती दोन वेगळी करणे मला अजून जमलेले नाही. न पाठवलेले पत्रही वाया जात नाही, असे दिसते. समुपदेशन घेणाऱ्या विद्यार्थ्यांवर झालेल्या एका अभ्यासात आभारपत्र लिहिणाऱ्यांपैकी प्रत्यक्षात ते पाठवणारे चौथ्या हिश्श्याहून कमी होते, तरीही लिहिणाऱ्यांच्या गटाची मनःस्थिती बारा आठवड्यांनंतर इतरांपेक्षा बरी होती. तीनच कागद देण्यामागे खर्चाचा विचार असेल, पण रोजच्या पानांतली वीस पाने कमी करून त्यांच्या जागी पत्राचे कागद दिले असते तर वही अधिक उपयोगी झाली असती.

ही वही कोणाला द्यावी, असे मला आता काहीजण विचारतात. ज्याच्यावर संकट काल कोसळले आहे त्याला ती देऊ नये. त्याला या घडीला जेवणाची, झोपेची आणि सोबतीची गरज असते, आणि वही देणाऱ्याने त्या रात्री खाटेशेजारी चार तास बसण्याची तयारी दाखवली तर ते अधिक बरे. काही आठवडे गेल्यावर, परिस्थिती सुधारली नसली तरी तिचा रोजचा क्रम बसल्यावर, ती उपयोगी पडते. जे अन्यायाने त्रासलेले आहेत त्यांच्या हाती ती देताना तर दुप्पट विचार करावा, कारण छळ सोसणाऱ्याला कृतज्ञतेचे धडे देणे म्हणजे त्याची तक्रार गोड शब्दांत दाबणे होय. माझ्या मैत्रिणीने वहीबरोबर रात्रींची पाळीही वाटून घेतली होती, म्हणून माझा राग टिकला नाही. तिचे नाव वहीत सर्वांत जास्त वेळा आले आहे आणि तिला ते अजून माहीत नाही.

पाचपैकी किती गुण, असे विचाराल तर बांधणीला चार, कागदाला दोन, साप्ताहिक पानाला पूर्ण पाच, आणि सुविचारांना गुण देणे मी टाळते. आई आता काठीच्या आधाराने खोलीभर चालते, छोटी वाक्ये बोलते आणि डाव्या हाताने लिहायला शिकते आहे. तिच्या सरावासाठी या वहीची उरलेली पाने मी तिला दिली आहेत, कारण पेन्सिल या कागदावर घसरत नाही. दुसरी प्रत मी घेणार नाही. साधी रेघांची वही आणली आहे, ती आठवड्यातून एकदाच उघडायची असे ठरवले आहे, आणि तिच्या प्रत्येक पानावर पट्टीने एक उभी रेघ आखून घेतली आहे. ही रेघ मी पानाच्या बरोबर मध्यावर आखली, कारण जुन्या वहीत ‘कोणामुळे?’च्या रकान्यात नावे कधीच मावत नसत.